दुकानदाराला विचारायचं ना!

शुक्रवारी हापिसातून निघालो तो थेट पुणे स्टेशन. मध्यरात्रीनंतरची महालक्ष्मी पकडली आणि पहाटे मिरजेला उतरलो. बऱ्याच महिन्यांनी घरी गेलो होतो. चहा झाला, आईच्या हातचे पोहे झाले, आणि मग ताईची मुलगी वही घेऊन समोर येऊन बसली. यंदा तिची दहावी. (दहावी घरातल्या एकाचीच असते, पण टीव्ही सगळ्यांचा बंद होतो.)

"मामा, हे बघ."

गणित असं होतं. 4 वह्या आणि 3 पेनं मिळून 190 रुपये होतात. 3 वह्या आणि 4 पेनं मिळून 160 रुपये होतात. तर एका वहीची आणि एका पेनाची किंमत काढा.

म्हटलं, अडलं कुठं? तर कुठंच अडलं नव्हतं. बाईसाहेबांनी पहिलं समीकरण 4 नं गुणलं होतं, दुसरं 3 नं गुणलं होतं, वजाबाकी करून पेनाला उडवलं होतं. वही 40 रुपये, पेन 10 रुपये. ताळासुद्धा करून बघितला होता.

"मग बरोबर आहे की."

"बरोबर आहे रे. पण असं कुठं असतंय होय? माणूस दोनदा दुकानात गेला, दोनदा पैसे दिले, आणि त्याला भाव माहीत नाही? दुकानदाराला विचारायचं ना!"

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. मीही हसलो. बोर्डाच्या पेपरात असं लिहू नकोस, एवढं सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. रविवारी रात्री परतीच्या गाडीतही तोच. कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. ते आमच्याच घरात घडलेलं होतं आणि भाचीला ते आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आधी पोरीची बाजू घेतो, कारण तिचं म्हणणं चूक नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात, भाग 1 मध्ये, पहिलंच प्रकरण आहे 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. एका चलाचा लोप करा, आलेख काढा, निश्चयक मांडा, क्रेमरची पद्धत वापरा... एकाच कुलपाला चार किल्ल्या. पण हे कुलूप कोणी आणि कशासाठी लावलं, हे पोरांना सांगायला वर्गात वेळ नसतो. मग शाब्दिक उदाहरणं म्हणजे समीकरणाला घातलेलं झबलं वाटायला लागतात. झबलं काढायचं, क्ष आणि य बाहेर काढायचे, उत्तर आलं की पुन्हा "रुपये" असं लिहून झबलं घालायचं. मार्क मिळतात. अक्कल वाढतेच असं नाही.

आणि हे झबलं आजकालचं नाही बरं का. साधारण इ.स. 850 च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आमच्या मिरजेपासून पूर्वेला गेलं की त्याच मुलखात जायला होतं, आणि आमचा मुलूखही तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. तर या ग्रंथात एक उदाहरण आहे. 9 महाळुंगं आणि 7 कवठं यांची मिळून किंमत 107. 7 महाळुंगं आणि 9 कवठं यांची मिळून किंमत 101. तर एका महाळुंगाचा आणि एका कवठाचा भाव सांगा, आणि लवकर सांगा!

करून बघा. कागद लागत नाही. दोन्ही खरेद्यांची बेरीज केली की 16 महाळुंगं आणि 16 कवठं झाली, किंमत 208. म्हणजे एक महाळुंग आणि एक कवठ यांची जोडी 13 ला पडली. आता वजाबाकी करा. पहिल्या खरेदीत 2 महाळुंगं जास्त आहेत आणि 2 कवठं कमी आहेत, आणि फरक 6 चा आहे. म्हणजे महाळुंग कवठापेक्षा 3 नं महाग. जोडी 13 ची, फरक 3 चा. महाळुंग 8, कवठ 5. संपलं. (भाचीचं वह्या-पेनाचं गणितही असंच सुटतं. जोडी 50 ची, फरक 30 चा. हे दाखवल्यावर मात्र तिचे डोळे चमकले. "हे बाईंनी का नाही सांगितलं?")

चीनमध्ये 'नऊ अध्याय' म्हणून ओळखला जाणारा ग्रंथ याहूनही जुना, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात 5 बैल आणि 2 मेंढ्या 10 लियांग सोन्याला पडतात, 2 बैल आणि 5 मेंढ्या 8 लियांगला. (उत्तर अपूर्णांकात येतं. बैल 34 छेद 21, मेंढी 20 छेद 21. त्या काळातल्या पोरांचीही सुटका नव्हती म्हणायची.) आपल्याकडे भास्कराचार्यांनी 12 व्या शतकात 'बीजगणित' लिहिलं, त्यात अज्ञात राशींना रंगांची नावं आहेत. पहिली यावत्तावत्, म्हणजे "जेवढं असेल तेवढं", आणि त्यापुढच्या कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी. क्ष आणि य पेक्षा मला हे जास्त आवडतं. "जेवढं असेल तेवढं, पण मी त्याला धरून ठेवलंय" असा भाव त्यात आहे.

म्हणजे हजार-दोन हजार वर्षं, वेगवेगळ्या देशांतली माणसं एकाच गोष्टीचा विचार करत बसली होती. एकत्र किंमत माहीत आहे, सुटी माहीत नाही. यातल्या कुणालाच "दुकानदाराला विचारायचं ना" हे सुचलं नसेल? सुचलं असेल की. पण मला वाटतं, विचारणं जमत नाही अशीही माणसं जगात नेहमीच असतात.

आता आमची गोष्ट.

मिरज म्हटलं की लोकांना सतार-तंबोरे आठवतात, अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. रेल्वेवाल्यांना जंक्शन आठवतं. पण आजूबाजूच्या चार-पाच जिल्ह्यांतल्या माणसाला मिरज म्हटलं की दवाखाना आठवतो. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 पासूनचं. त्याच्या आगेमागे गावभर दवाखाने उभे राहिले. इकडं बेळगाव, विजापूर, तिकडं कोकणापर्यंतचे पेशंट येणार. आणि एका पेशंटमागे दोन-तीन नातेवाईक. त्यांना राहायला खोली लागते, दोन वेळचं जेवण लागतं. मिरजेतल्या कितीतरी घरांच्या चुली यावर चालल्या. आमची त्यातलीच एक.

मी नववीत होतो. नव्वदीचं दशक. बाबांचं काम सुटलं होतं आणि आईनं डबे सुरू केले. रोज वीस-बावीस डबे. भाजी, आमटी, भात, चपाती. विजापूरकडचं कोणी असलं की भाकरी. एका डब्याचे 12 रुपये. मी आणि ताई शाळेच्या आधी आणि नंतर डबे पोचवायचो.

किराणा एका दुकानातून यायचा. उधारीवर. आठवड्याला माल, महिनाअखेरीस हिशेब. माल आणायला जायचो मी. मुख्य जिन्नस दोनच, तेल आणि तांदूळ. भाजी आई रोख आणायची, पीठ गिरणीवाला देत होता. दुकानदार एका चिठ्ठीवर लिहून द्यायचा, तेल इतके किलो, तांदूळ इतके किलो, आणि खाली एकूण रक्कम. बस. भाव कुठंच नाही.

तर विचारायचं ना?

विचारलं होतं. एकदा. मीच विचारलं होतं, "काका, तेल कसं लावलं?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. दुकानदारानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "आधी मागचं द्या म्हणावं, मग भाव विचारा."

चार माणसांत. त्यातला एक माझ्या वर्गातल्या पोराचा बाप होता. कान गरम होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी आईला सांगितलं नाही. पण पुढचे कित्येक दिवस त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना पोटात गोळा यायचा.

उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव विचारता येत नाही. भाव विचारणं हा रोखीवाल्याचा मान आहे. दुकानदाराला विचारायचं ना, असं जो म्हणतो त्याच्या खिशात पैसे असतात, निदान दुसऱ्या दुकानात जायची सोय तरी असते. आमच्या भाचीला हे माहीत नाही, आणि माहीत नाही हे चांगलंच आहे म्हणा. पण पुस्तकातल्या त्या "भाव माहीत नसलेल्या" माणसाला मी ओळखतो. तो बावळट नाही. त्याला विचारायची सोय नाही, एवढंच.

त्याच वर्षी वर्गात एकसामयिक समीकरणं सुरू झाली. सरांनी फळ्यावर आंबे आणि केळी लिहिली. इतर पोरांचं माहीत नाही, पण मला फळ्यावर चिठ्ठी दिसली. घरी जाऊन आईचा तारेला लावलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला.

पहिल्या आठवड्याची चिठ्ठी: तेल 5 किलो, तांदूळ 8 किलो, एकूण 362.
दुसऱ्या आठवड्याची: तेल 7 किलो, तांदूळ 6 किलो, एकूण 434.

मांडलं. इथं एक गंमत सांगतो, जी पुढं नोकरीतही अनेकदा उपयोगी पडली. मी आधी लिहिलं, "क्ष म्हणजे तेल." आणि तिथंच अडकलो. 5 तेल अधिक 8 तांदूळ बरोबर 362, म्हणजे काय? तेल आणि तांदळाची बेरीज करून पैसे कसे येतील? बराच वेळ डोकं खाजवल्यावर उजेड पडला की क्ष म्हणजे तेल नव्हे, क्ष म्हणजे एक किलो तेलाची किंमत. समीकरणात तेलही नाही आणि तांदूळही नाही. तिथं दोन्हीकडं नुसते रुपये आहेत. साधी गोष्ट वाटते, पण शाब्दिक उदाहरणांत अडकणारी बहुतेक पोरं माझ्या मते इथंच अडकतात, आकडेमोडीत नाही. (आणि बहुतेक सॉफ्टवेअर प्रोजेक्टही. कशाला काय म्हणायचं हेच ठरलेलं नसतं आणि आपण कोड लिहीत सुटतो.)

5क्ष + 8य = 362
7क्ष + 6य = 434

तांदळाला उडवायचं तर पहिलं 3 नं गुणायचं आणि दुसरं 4 नं. 15क्ष + 24य = 1086. 28क्ष + 24य = 1736. वजा केलं, 13क्ष = 650. क्ष बरोबर 50. मग य बरोबर 14.

तेल 50 रुपये किलो, तांदूळ 14 रुपये किलो.

तांदळाचा भाव बघून मी चमकलो, कारण तो ओळखीचा होता. दुकानात तांदळाच्या पोत्यात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असायची, आणि तिच्यावर 14 च लिहिलेलं होतं. तांदूळ आम्हाला पाटीच्याच भावानं लागला होता. मग तेल? तेलाच्या डब्याला पाटी नव्हती. सुटं तेल, मापानं काढून द्यायचं. पुढच्या खेपेला मी दुकानात जरा रेंगाळलो. एका बाईनं एक किलो तेल घेतलं, पन्नासची नोट दिली, आणि सहा रुपये परत घेतले.

रोखीनं 44, आम्हाला 50. जिथं पाटी होती तिथं भाव खरा होता. जिथं पाटी नव्हती तिथं सहा रुपये चढवलेले होते.

घाई केली नाही. तिसऱ्या आठवड्याची चिठ्ठी येऊ दिली. तेल 6, तांदूळ 9. माझ्या हिशेबानं 300 अधिक 126, म्हणजे 426 यायला पाहिजेत. चिठ्ठीवर 426 च होते. त्या दिवशी मला गणिताबद्दल जे वाटलं ते नंतर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही वाटलं नाही. ज्या माणसानं मला भाव सांगितला नव्हता, त्याच्या मनातला भाव मला कळला होता. न विचारता. त्याच्याच तीन चिठ्ठ्यांवरून.

रात्री आईला वही दाखवली. मला वाटलं, ती चिडेल, दुकानात जाऊन भांडेल. तिनं बराच वेळ वहीकडं बघितलं आणि विचारलं, "महिन्याला किती होतंय?" महिन्याला साधारण 24 किलो तेल लागायचं. 24 गुणिले 6, 144 रुपये. ती म्हणाली, "म्हणजे बारा डबे." एका डब्याचे 12. बारा डब्यांचे पैसे तेलाच्या फरकात जात होते.

मग म्हणाली, "हे बघ, कोणी देत नव्हतं तेव्हा त्यानं माल दिला. फुकट कोण देतंय? घेऊ दे की. पण किती घेतोय ते आपल्याला कळायला पाहिजे."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. उधारीला किंमत असते, त्यात गैर काही नाही. पण 44 वर 6, म्हणजे जवळजवळ 14 टक्के, तेही महिन्याच्या आतल्या उधारीवर. आणि ते व्याज म्हणून नाही, तेलात विरघळवून. दुकानदार व्याज घेतो याचा राग नव्हता. ते दिसत नव्हतं, हा त्रास होता.

आता मुद्दा बघा. एकूण रक्कम जास्त आहे, एवढं आईला आधीही वाटतच होतं. पण नुसत्या "जास्त आहे" वर काहीच करता येत नाही. भांडता येतं किंवा गप्प बसता येतं. दोन भाव सुटे झाल्यावर मात्र तिसरी वाट दिसली. तांदूळ उधारीवर घेण्यात तोटा नव्हता, तेल उधारीवर घेण्यात होता. आईनं तेल दुसरीकडून रोखीनं आणायला सुरुवात केली, थोडं थोडं, जमेल तसं. तांदूळ जुन्याच दुकानातून, उधारीवर.

पुस्तकातलं गणित इथं संपलं असतं. खऱ्या दुकानात संपत नाही. पुढच्या महिन्यात दुकानदारानं विचारलं, "वहिनींनी तेल बंद केलं वाटतं?" आणि आमचा तांदूळ 15 झाला. पाटीवर 14 च. या वेळी अज्ञात एकच होतं, त्यामुळे समीकरण लागलंच नाही. भागाकारात पकडला. :) पुस्तकात भाव दगडासारखे स्थिर असतात. खऱ्या बाजारात भाव आपल्याकडं बघत असतो. शेवटी आईनं भिशीतल्या बायकांना सांगून आपला नंबर आधी घेतला, सगळी बाकी एकदम चुकती केली, आणि त्यानंतर सगळा माल रोखीनं. त्याच दुकानातून! आता तिला भाव विचारता येत होता.

असो. गोष्ट जुनी झाली. आता दुकानात सगळ्यावर छापील किंमत असते, बिलावर प्रत्येक वस्तू वेगळी येते. मग हे गणित कालबाह्य झालं का?

माझ्या मते उलट आहे. वाण्याच्या बिलात भाव सुटे झाले, पण आपल्या बाकीच्या आयुष्यात ते परत एकत्र झालेत. पॅकेज, कॉम्बो, बंडल, ऑल इन्क्लुझिव्ह, सीटीसी. फ्लॅटचा एकच आकडा, त्यात बांधकाम किती, पार्किंग किती आणि क्लबहाउस नावाच्या त्या रिकाम्या खोलीचे किती? इंटरनेटबरोबर चार ॲप "फ्री". आणि सगळ्यात लाडकं, नो कॉस्ट ईएमआय. हे तर सरळ सरळ आमचं तेल आहे. व्याज वस्तूच्या किमतीत विरघळवायचं, किंवा रोखीवाल्याला मिळणारी सूट तुम्हाला द्यायची नाही. 2013 साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. आमच्या आईला हे त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

आणि इथं एक बारकावा आहे, जो मला हापिसात कळला. आमच्याकडं एका बाहेरच्या कंपनीची माणसं कामाला होती. काही डेव्हलपर, काही टेस्टर. महिन्याचं बिल एकच. मॅनेजरनं विचारलं, टेस्टर आपल्याला केवढ्याला पडतो? मी खूश. तीन महिन्यांची बिलं घेऊन बसलो, म्हटलं दोन अज्ञात, तीन समीकरणं, चुटकीसरशी सोडवतो. काहीही सुटेना. कारण तिन्ही महिने माणसांचं प्रमाण तेच होतं. 6 डेव्हलपर, 4 टेस्टर. एका महिन्यात 9 आणि 6, पण बिलही बरोबर दीडपट. तीन बिलं म्हणजे तीन समीकरणं नव्हेत! एकच वाक्य तीनदा ऐकलं म्हणून तीन बातम्या होत नाहीत. आलेख काढला असता तर एकावर एक बसलेली एकच रेषा दिसली असती, आणि तिच्यावरचा कुठलाही बिंदू उत्तर म्हणून चालला असता. पुढं एका महिन्यात एक डेव्हलपर कमी केला, दोन टेस्टर वाढवले, तेव्हा कुठं दोन्ही दर सुटे झाले.

म्हणून कॉम्बो कायम ठरलेल्या प्रमाणात असतो. बर्गर-फ्राइज-कोक, दर वेळी तेच. तुम्ही शंभर वेळा घेतला तरी तुमच्या हातात समीकरण एकच. ज्याला भाव लपवायचा आहे त्यानं खोटं बोलायची गरज नसते. त्यानं फक्त प्रमाण बदलू द्यायचं नाही. हे मोडायचं तर कधी सरकारला मध्ये पडावं लागतं. केबल आणि डिशवाले चॅनेलांचे गठ्ठेच विकायचे. ट्रायच्या नव्या नियमांनी 2019 पासून प्रत्येक चॅनेलचा सुटा भाव जाहीर करावा लागला. पोत्यात पाटी खोचायला लावली म्हणा ना. बाकी ठिकाणी पाटी नाही. तिथं आपली चिठ्ठी आपणच जपायची, आणि वेगळ्या प्रमाणातली दुसरी चिठ्ठी शोधायची.

समीकरण सोडवणं हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. दोन अज्ञातं काय, दोन हजार असली तरी संगणक क्षणात सोडवतो. माझी नोकरी त्यावर चालते. पण कुठल्या दोन चिठ्ठ्या घ्यायच्या, त्या खरंच वेगळं काही सांगतात का, मधल्या काळात भाव बदलला तर नाही, आणि तिसऱ्या चिठ्ठीवर उत्तर टिकतं का, हे माणसालाच बघावं लागतं. आपण शाळेत वर्षभर पहिला भाग घोटून घेतो आणि दुसरा सोडून देतो. माझं मत विचाराल तर प्रकरणाच्या पहिल्या दिवशी सरांनी क्रेमरचं नावही काढू नये. पोरांना घरून दोन बिलं आणायला सांगावं. जी सुटतील ती सोडवावीत, जी सुटणार नाहीत ती का सुटत नाहीत त्यावर बोलावं. एखाद्या पोराच्या घरची चिठ्ठी खरंच बिनभावाची निघेल. त्याला त्या दिवशी जे मिळेल ते बोर्डाच्या मार्कांत मोजता येणार नाही.

सोमवारी रात्री भाचीला फोन करून ही सगळी गोष्ट सांगितली. पाटी, तेल, चार माणसांत ऐकलेलं ते वाक्य, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीनं कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

"मामा," थोड्या वेळानं तीच म्हणाली, "आमच्या क्लासची फी पण एकच आकडा आहे. शिकवणी, नोट्स, टेस्ट सिरीज, सगळं मिळून."

"मग?"

"माझ्या मैत्रिणीनं नोट्स नाही घेतल्या. तिची फी किती आहे ते विचारते."

दुसरी चिठ्ठी तिची तिलाच सापडली होती. मी आणखी काही बोललो नाही.